थांबा क्रमांक सात

४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. शहरातल्या पहिल्यावहिल्या लाइट रेलचा मार्ग आखायचं काम आज अधिकृतपणे माझ्याकडे आलं. उद्या कुणी विचारलं की गाडी इथूनच का वळली, तिथून का नाही, तर कुणाकडे तरी उत्तर असायला हवं. ते या वहीत असेल.

जेवताना हिला सांगितलं. ही हॉस्पिटलच्या ओपीडीची मुख्य सिस्टर. दिवसभर माणसांच्या रांगा लावते, त्यामुळे घरी आल्यावर दमलेली असते. ऐकून म्हणाली, म्हणजे ट्राम. मी सांगितलं, ट्राम नव्हे, लाइट रेल. रस्त्यातून रुळांवरच चालते ना, असं तिने विचारलं. हो म्हणालो. मग ठीक आहे म्हणाली आणि ताटं उचलली. तांत्रिक विषयात तिला गोडी नाही, त्यात तिचा दोष नाही.

२१ मार्च, गुरुवार

नोकरीतला सर्वांत सुंदर दिवस. गणित सुटलं!

घोडं कुठे पेंड खात होतं ते लिहून ठेवतो. गाडी दर सहा मिनिटांनी सुटणार आणि गाड्या मंजूर आहेत दहा. म्हणजे एका गाडीने या टोकावरून निघून त्या टोकाला जाऊन परत यायला साठ मिनिटांच्या आत जमलं पाहिजे. साठावर एक सेकंद गेला की अकरावी गाडी लागते, आणि अकरावीचं नाव काढायचं नाही, असं साहेबांनी टेबलावर बोट आपटून सांगितलंय. चौदा थांबे धरून माझा हिशेब साठ मिनिटं पन्नास सेकंदांवर अडकला होता.

आज लक्षात आलं की सातवा थांबा, हॉस्पिटलच्या फाटकासमोरचा, भर चढावर येतो. शंभर मीटरला चार मीटर. फलाटाला इतका चढ चालतच नाही, व्हीलचेअर घरंगळेल. तो थांबा काढला तर जाताना पन्नास आणि येताना पन्नास सेकंद वाचतात. एकोणसाठ मिनिटं दहा सेकंद. एका दगडात दोन पक्षी.

खोडरबरला लगेच थांबा पुसायला सांगितला. खोडरबर म्हणजे आमचा आरेखक. कागदाच्या काळात त्याच्या कानामागे पेन्सिल आणि खिशात खोडरबर असायचं. आता सगळं संगणकावर आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. पुसताना तो काहीतरी पुटपुटला. मी लक्ष दिलं नाही.

घरी येऊन हे सगळं हिला सविस्तर सांगितलं, नकाशा टेबलावर पसरून. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे तुमच्या नजरेतून सुटलं असेल असं वाटत नाही, पण ओपीडीत रोज बाराशे माणसं येतात." मी समजावलं की सहावा थांबा हॉस्पिटलपासून फक्त सहाशे चाळीस मीटरवर आहे.

"फक्त," ती म्हणाली.

मग बाल्कनीत जाऊन आईशी फोनवर पाऊण तास बोलली. मायलेकींना विषय कुठून मिळतात कोण जाणे.

२ एप्रिल, मंगळवार

कार्यालयात निनावी पत्र आलं. टाइप केलेलं. खाली सही म्हणून 'एक पायी चालणारा'. सुरुवात अशी: 'हे आपल्या नजरेतून सुटले असेल असे वाटत नाही, तथापि...' आणि पुढे साठ मिनिटं पन्नास सेकंदांपासून फलाटाच्या चढापर्यंत माझे सगळे आकडे, दशांश चिन्हासकट. शेवटी म्हणे, चढावर फलाट होत नसेल तर फलाट हलवावा, माणसे हलवू नयेत.

भाषेवरून निवृत्त न्यायाधीश वाटतो. पण त्याला आकडे दिले कुणी? ते फक्त माझ्या टेबलावर आणि खोडरबरच्या संगणकात आहेत. (नकाशे मी घरी आणतो, पण घर म्हणजे घर.) काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. चोर माझ्यासमोरच बसतो आणि मी त्याला रोज गुड मॉर्निंग म्हणतो.

४ एप्रिल, गुरुवार

खोडरबरला गुड मॉर्निंग म्हटलं नाही.

१७ मे, शुक्रवार

जनसुनावणी. लिहायलासुद्धा हात उचलवत नाही.

शाळेचं सभागृह भरलेलं. साहेब मंचावर, मी त्यांच्या शेजारी पडद्यावरचे नकाशे बदलायला. पहिले दोघेतिघे विजेच्या खांबांबद्दल बोलले. एका गृहस्थांना खांब बाल्कनीसमोर नको होता, शेजाऱ्यांच्या बाल्कनीसमोर चालला असता. मग तिसऱ्या रांगेतून काठी वर झाली. काठी ओळखीची होती.

सासूबाई हॉस्पिटलच्या चढावर, बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. त्या येणार आहेत हे हिने मला सांगितलं नव्हतं, बहुतेक तिलाही माहीत नसावं. माइक हातात घेऊन त्यांनी आधी माझ्याकडे बघून मान हलवली, जावयाला हलवतात तशी. मग साहेबांना म्हणाल्या, "तुमच्या गाडीची पन्नास सेकंदं वाचली. माझी तो चढ चढताना चौदा मिनिटं जातात, आणि मी तर नुसती म्हातारी आहे, आजारी नाही. मिनिटं कुणाची मोजायची ते आधी ठरवा."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवणार होतो, सवयीने.

साहेबांनी नंतर खोलीत बोलावलं. त्या बाई माझ्या कोण, असं शांतपणे विचारलं. मी सांगितलं. साहेबांनी डोळे मिटले. म्हणाले, सासूबाईंच्या दारात थांबा नेण्यासाठी घरच्या घरी नाटक रचल्याचं उद्या कुणी छापलं तर काय करायचं? यापुढे माझ्या तोंडून 'सात' हा आकडा ऐकू आला तर डेपोच्या गटारांचं डिझाइन करायला माणूस हवाच आहे.

म्हणजे आता थांबा बरोबर असो की चूक, मला त्याच्या विरुद्धच असलं पाहिजे. घरी हिच्यावर चिडलो. ती म्हणाली, आईला कोण आवरणार. हे खरंच आहे.

३ जून, सोमवार

ही डबा घरी विसरली. ओपीडीतून फोन आला की सहाव्या थांब्याच्या जागेवर मी पाहणीला जाणारच आहे तर तिथून चालत आणून द्या, गाडी आणू नका, फाटकाशी जागा नसते. दिला.

४ जून, मंगळवार

पुन्हा डबा विसरली. वय.

५ जून, बुधवार

पुन्हा. आता मात्र काळजी वाटते. पण आजचं निराळंच घडलं, ते लिहितो.

सहाव्या थांब्याच्या जागेवरून डबा घेऊन निघालो. पुढे एक माणूस बायकोला धरून चालवत होता. तिच्या पायाला प्लास्टर, बगलेत कुबडी. मी ओलांडून पुढे जाऊ शकलो असतो, पण फुटपाथ अरुंद. आत्ता दीड मीटर आहे, माझ्याच नकाशात तो आणखी कमी करून एक मीटरवर आणलाय, रुळांना जागा हवी म्हणून. त्यामुळे त्यांच्या मागे मागे चाललो. ती चार वेळा थांबली. तिसऱ्या वेळी नवरा मला म्हणाला, जा तुम्ही पुढे, तुमचा खोळंबा होतोय. मी म्हणालो, नाही, घाई नाही. सवयीने घड्याळ चालू केलेलं होतं. एकवीस मिनिटं. फाटकाशी पोचल्यावर ती बाई भिंतीला टेकून हसली आणि म्हणाली, आज लवकर आलो.

ओपीडीत हिला डबा दिला. तिने विचारलं, किती वेळ लागला? मी म्हणालो, फार नाही.

खरं सांगायचं तर मी खोटं बोललो. आणि खरं सांगायचं तर सातवा थांबा असायला हवा. पण हे वहीतच ठीक आहे. मला गटारं नकोत.

६ जून, गुरुवार

आज डबा नेला तिने. स्मरणशक्ती अचानक सुधारली. मी आणलेल्या बदामांचा गुण.

२२ जून, शनिवार

'पायी चालणाऱ्या'चं चौथं पत्र. त्यात म्हणे, संपूर्ण चढावर एकच तुकडा सपाट आहे, बेकरीच्या दारापासून लाल टपालपेटीपर्यंत, तिथे गोटी ठेवली तर जागची हलत नाही. मी हसलो. आमचं सर्वेक्षण उपकरणांनी झालेलं आहे, गोट्यांनी नाही.

खोडरबरला दोन महिन्यांसाठी माती-परीक्षण विभागात पाठवलंय. बघू आता पत्रं कशी येतात.

२९ जून, शनिवार

सासूबाईंकडे औषधं द्यायला गेलो तर त्या खाली, बेकरीसमोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, बरं झालं आलात जावईबापू, माझी गोटी पडली आहे, तेवढी द्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गोटी कशाला, असं मी विचारलं. बोटांच्या व्यायामाला, डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणाल्या.

गोटी रस्त्याच्या कडेला होती. उचलली आणि त्यांना देणार, इतक्यात हातातून निसटली. पडली आणि तिथेच राहिली. मी पायाने किंचित ढकलली. वीतभर गेली आणि थांबली. पुन्हा ढकलली. पुन्हा थांबली. मी वाकून बघत होतो आणि मागून बेकरीवाला विचारत होता, काय हरवलं का साहेब?

सासूबाई आकाशाकडे बघत होत्या.

२ जुलै, मंगळवार

उपकरण घेऊन एकटाच गेलो. बेकरीच्या दारापासून टपालपेटीपर्यंत छत्तीस मीटर, चढ शंभराला दीडसुद्धा नाही. आम्ही दर पन्नास मीटरला एक आकडा घेतला होता, त्यामुळे मधला सपाट तुकडा आमच्या जाळ्यातून निसटला. फलाटाला तीस मीटर पुरतात. हॉस्पिटलच्या फाटकापासून नव्वद पावलं.

हा शोध मला लागला याचा आनंद आहे, पण सांगणार कुणाला? तो नेमका सासूबाईंच्या खिडकीखाली आहे. आणि शंभर सेकंदांचं काय?

१५ जुलै, सोमवार

पाचवं पत्र. खोडरबर माती मोजतोय, तरी पत्र आलं. म्हणजे त्याची माणसं कार्यालयात पसरलेली आहेत. प्रकरण वाटलं होतं त्याहून खोल आहे.

यातला मुद्दा मात्र डोक्यात घोळतोय. विचारतो की गाडी थांब्यावर तीस सेकंद का उभी राहते? माणसं चढायला तीस सेकंद लागतात की चालकाकडून तिकीट घ्यायला? साहेबांचा हट्ट आहे की तिकीट चालकासमोरच घ्यायचं, नाहीतर लोक फुकट फिरतील. त्यावर मी काय बोलणार.

१० ऑगस्ट, शनिवार

माझा पन्नासावा वाढदिवस. हिने चाळीस माणसं बोलावली. मला समारंभ आवडत नाहीत, पण कधी नव्हे ते तिने हट्ट धरला.

आणि व्यवस्था काय केली! एरवी हजार माणसांच्या रांगा हाताळणारी बाई, पण टेबलाच्या तोंडाशी स्वतः उभी राहून प्रत्येकाला ताट पुसून द्यायची, मग चमचा शोधून द्यायची, मग हातपुसणं. मागे लोक जिन्यापर्यंत. साहेब दाराबाहेर उभे, हात मागे बांधून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्या कानात म्हणालो की काय चालवलंय. ती म्हणाली, बघा ना, किती वेळ लागतोय.

अर्ध्या लोकांचं झाल्यावर तिने काहीही न बोलता ताटांची चळत, चमचे, सगळं उचलून जिन्याच्या खाली नेऊन ठेवलं. आता जो तो ताट हातात घेऊनच वर यायला लागला. रांग पाच मिनिटांत विरघळली. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "ताट आधीच हातात असलं की वाढायला वेळ लागत नाही."

मी मान हलवली आणि केक खाल्ला.

हात धुताना, साबण लावलेला असताना, सुचलं. तिकीट म्हणजे ताट! फलाटावरच तिकीट द्यायचं, यंत्रातून, गाडी यायच्या आधी. चालकाने फक्त दारं उघडायची. प्रत्येक थांब्यावर चार सेकंद जरी वाचले तरी एका फेरीत शंभरच्या वर होतात. सातवा थांबा आत बसतो!

ओल्या हातांनी बाहेर आलो आणि हिला सांगितलं. ती म्हणाली, अगबाई, कसं सुचलं तुम्हाला? मी म्हणालो, असंच. कधी कधी सुचतं.

सासूबाईंना खोकला आला. बराच वेळ चालला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

साहेबांपुढे मांडणी केली. 'सात' म्हणायचं टाळण्यासाठी मी सुरुवातीला 'सहानंतरचा' म्हणत होतो. मग साहेबांनीच म्हटलं की आकडा म्हणा एकदाचा.

त्यांनी विचारलं, सासूबाईंसाठी? मी उभाच होतो. प्लास्टरवाल्या बाईबद्दल सांगितलं, एकवीस मिनिटं आणि चार थांबे. ती भिंतीला टेकून काय म्हणाली तेही सांगितलं. हे सांगायचं मी ठरवलं नव्हतं. मग साहेब म्हणाले, फलाट बांधा, तिकिटाची यंत्रंही लावा. पण उद्घाटनाआधीच्या चाचणीत भरलेल्या गाडीची फेरी साठ मिनिटांवर एक सेकंद जरी गेली तर सातव्या थांब्याला कुलूप, आणि कागदावर जबाबदार म्हणून माझं नाव.

सही केली.

(वही दुसरी)

६ मार्च, गुरुवार

कितीतरी दिवस लिहिलं नाही. खोदकाम सुरू आहे आणि रोजचे शिव्याशाप ऐकून घ्यायला मीच असतो. आज बेकरीसमोर एक पाण्याची नळी फुटली, जी एकाही नकाशात नाही. बेकरीच्या तळघरात गुडघाभर पाणी, पिठाची पोती तरंगताहेत. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या की ती नळी त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून तिथेच आहे. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

संध्याकाळी टेबलाच्या खणात 'पायी चालणाऱ्या'चं न उघडलेलं अकरावं पत्र सापडलं. नळीचा नकाशा काढून पाठवला होता. पावलं मोजून.

यापुढे त्याची पत्रं पहिली उघडायची असा नियम केला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

खोडरबरची माफी मागितली. तो पंधरा दिवस सुट्टीवर, परगावी होता, आणि काल आलेल्या पत्रात परवाचा आकडा होता. माणूस निर्दोष होता आणि मी त्याला दोन महिने माती मोजायला लावली. त्याने माफी फार मोठेपणाने घेतली. मग म्हणाला की पत्रं कोण लिहितं ते त्याला पहिल्या पत्रापासून माहीत आहे.

कोण, असं मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "सर, तुम्ही जेवायला घरीच जाता ना?"

मी म्हणालो, अर्थात. तो म्हणाला, मग जाऊ द्या.

विषय बदलायची ही त्याची जुनी खोड आहे.

(वही तिसरी)

११ मे, मंगळवार

उद्या चाचणी. रिकाम्या गाड्या महिनाभर पळताहेत, छान पळताहेत. पण उद्या भरलेली गाडी, प्रत्येक थांब्यावर चढउतार करणारी खरी माणसं. दोनशे स्वयंसेवक हवे होते, आमच्याकडे आले साठ. हिने विचारलं, ओपीडीतल्या सुट्टीवरच्या मुली आणि त्यांच्या घरचे आणले तर चालतील का? चालतील म्हणालो. कधी कधी तिचाही उपयोग होतो.

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, होईल नीट. मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, मोजलंय. काय मोजलंय ते विचारायचं राहिलं.

१२ मे, बुधवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला गाडी सुटली. चालक एक तिशीची बाई, आधी शाळेची बस चालवायची, त्यामुळे तिला कुठल्याच गोंधळाचं काही वाटत नाही. मी तिच्या मागे घड्याळ घेऊन. साहेब पहिल्या बाकावर.

फलाटांवर हिची माणसं उभी होती, आणि काय उभी होती! उतरणाऱ्यांना आधी वाट, मग चढायचं, तिकीट प्रत्येकाच्या हातात, दारांच्या खुणांपाशी दोन दोनच्या रांगा. जणू महिनाभर तालीम केली आहे. सातव्या थांब्यावर सासूबाई होत्या, काठी आणि पिशवी घेऊन. त्या चढल्या, बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. अकरा सेकंद. बसल्यावर मला म्हणाल्या, काल नऊत जमलं होतं.

दुसऱ्या टोकाला पोचलो तेव्हा पंधरा सेकंद हातात होते. परतीच्या वाटेवर नवव्या थांब्यापर्यंत तेवढेच होते. आणि तिथे साहेब उठले. नवीन फलाट कसा झालाय ते बघायला खाली उतरले, पाहिलं, आणि परत चढताना थेट चालकाच्या खिडकीशी गेले, खिशात हात घालून. तिकीट मागितलं.

दार बंद होईना, कारण साहेब दारात. घड्याळ पळत होतं. चालकबाईने त्यांच्याकडे वळूनही न बघता सांगितलं, "काका, तिकीट फलाटावर. आत या नाहीतर खाली राहा."

साहेब आत आले. बावीस सेकंद गेले.

म्हणजे सात सेकंद वर. आठव्याला एक सेकंद वाचला. सातव्याला ही उभी होती, मुलींच्या मागे. माझ्या चेहऱ्यावरून तिने काय ओळखलं कोण जाणे. तिने फक्त हात वर करून दोन टाळ्या वाजवल्या, ओपीडीत बारा वाजता रांग आवरताना वाजवते तशा, आणि तीस माणसं वाऱ्यासारखी आत आली. सहाव्याला, पाचव्याला, प्रत्येक फलाटावर तिच्याच कुणी सिस्टर, आणि प्रत्येक फलाटावर त्याच दोन टाळ्या. मी सेकंद मोजायचं सोडून टाळ्या मोजत होतो.

गाडी टोकाला थांबली. साहेबांनी माझ्या हातातलं घड्याळ स्वतः बघितलं. एकोणसाठ मिनिटं बावन्न सेकंद.

उतरताना सासूबाईंना हात दिला. सासूबाईंनी घेतला आणि म्हणाल्या, तिकीट घेतलंत ना आता?

घरी आल्यावर मी हिला सांगितलं की माझं गणित बरोबर ठरलं. ती म्हणाली, ठरणारच होतं. मग ती बसल्या जागी, चपला न काढता, झोपून गेली. मी चपला काढल्या. पायांना सूज होती. दिवसभर चौदा थांबे फिरली असणार.

२ जून, बुधवार

उद्घाटन. भाषणं, फुलं, वर्तमानपत्रात माझा फोटो. पत्रकाराने विचारलं, फलाटावर तिकीट ही कल्पना कशी सुचली? वाढदिवसाला हात धुताना, असं मी सांगितलं. तेच छापलंय. सासूबाईंनी कात्रण आरशाला लावलंय, उलटं.

संध्याकाळी सातव्या थांब्यावर एक तास उभा राहिलो. दोनशे बारा माणसं उतरली. प्लास्टर, काठ्या, तान्ही बाळं, एक्स-रेची मोठी पाकिटं. कुणीही वर बघून 'वा, काय मार्ग आखलाय' म्हणालं नाही. दार उघडलं, उतरले, नव्वद पावलं चालून आत गेले. इतकं बरं मला फोटो बघूनही वाटलं नव्हतं.

३० जुलै, शुक्रवार

'पायी चालणाऱ्या'ची पत्रं थांबली. दोन महिने झाले, एकही नाही. वय झालेलं असणार. मला वाटतं, गेला बिचारा. खोडरबरला म्हणालो की पत्ता असता तर घरी भेटून आलो असतो. खोडरबर खुर्चीवरून उठून बाहेर गेला. त्यालाही भरून आलं असावं, खांदे हलत होते.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, थांबा मिळाला म्हणजे लिहायचं कशाला? माणूस असेल जिवंत."

मला तरीही हुरहुर वाटली. या शहरात माझ्या कामाकडे इतकं बारकाईने बघणारं दुसरं कोण होतं?

२३ ऑगस्ट, सोमवार

दुसरी मार्गिका मंजूर झाली, एकवीस थांब्यांची, आणि तीही माझ्याकडे. तीन आठवडे नकाशावर डोकं आपटतोय. बाजारातून न्यावी तर वळण बसत नाही, नदीकाठाने न्यावी तर माणसंच नाहीत. साहेब म्हणतात, तुम्हाला सुचेल, तुम्हाला सुचतं. तीनदा हात धुऊन पाहिले. काही सुचलं नाही.

आज नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता. ही समोर बसून भाजी निवडत होती, मान खाली, पण मध्येच डोळे नकाशावर जात होते. इतक्या वर्षांत मी तिला नकाशे दाखवले, समजावले, त्यांच्यावर चहा सांडला म्हणून रागावलोही. आज काय झालं सांगता येत नाही. थकलो होतो, एवढंच कारण असेल. मी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं चुकून भलतंच काही विचारलं. मग तिने भाजी बाजूला सारली, हात पुसले, चष्मा आणला आणि माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसली.

"लिहून घ्या," म्हणाली, "आणि मध्ये बोलू नका."

आता ती चहा टाकायला आत गेली आहे, तेवढ्यात हे लिहितोय. सव्वा तास झाला. आम्ही अजून दुसऱ्याच थांब्यावर आहोत.